खुबा आणि पवित्रा : प्रस्तावना

पवित्रा घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाकडे पाहताना आपली दृष्टी प्रथम त्याच्या हातांकडे जाते, मग पावलांकडे, आणि बहुधा तेथेच थांबते. परंतु हात आणि पावले यांच्या मधोमध, वस्त्राखाली झाकलेला आणि म्हणूनच उपेक्षिलेला जो खुब्याचा सांधा, त्याची बैठक चुकली असेल तर हातांचे सौष्ठव आणि पावलांची मोजदाद ही दोन्ही व्यर्थ जातात, हे ज्याच्या ध्यानी आले त्याला उभे राहण्याच्या विद्येतील अर्धे मर्म हस्तगत झाले असे समजण्यास हरकत नाही. प्रस्तुत पुस्तिका ताइ-ची या चिनी व्यायामपद्धतीतील पवित्र्यांविषयी असून तीत या एकाच सांध्याच्या जुळणीचा विचार विस्ताराने केलेला आहे. मराठी वाचकाला हा विषय दूरदेशीचा म्हणून परका वाटू नये, आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावर पाहून अनुकरण करणाऱ्या नवशिक्याने आपल्या गुडघ्यांचे नुकसान करून घेऊ नये, या दोन हेतूंनी हे चार शब्द लिहिले आहेत.

पुसेगाव म्हटले की महाराष्ट्रातील बहुतेकांस सातारा जिल्ह्यातील, सेवागिरी महाराजांच्या यात्रेने विख्यात झालेले गाव आठवते. ही प्रस्तावना मात्र मराठवाड्यातील मौजे पुसेगाव, तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली येथे बसून लिहिली आहे, म्हणजे ज्या मुलखावर १९४८ सालच्या सप्टेंबरापर्यंत निजामाचा अंमल होता, जो पुढे परभणी जिल्ह्याच्या दप्तरात राहिला, आणि १ मे १९९९ रोजी ज्याचा स्वतंत्र जिल्हा झाला त्या मुलखात. येथे सोयाबीन, तूर, कापूस आणि हळद पिकते. निंदणी-खुरपणीला गेलेली बाई दिवसाचा मोठा भाग उकिडवी असते आणि त्याच स्थितीत सरीमागून सरी पुढे सरकत जाते. हळदीचा कट्टा उचलणारा अनुभवी हमाल पाठ न वाकवता गुडघे आणि खुबे एकदम दुमडून ओझ्याखाली शिरतो आणि मांड्यांच्या जोरावर वर येतो. हे त्याला कोणी पोथी लावून शिकविलेले नसते. ज्याने पाठ वाकवून कट्टा उचलला त्याच्या कंबरेत उसण भरली आणि त्याची आठ दिवसांची मजुरी बुडाली, एवढ्या एका दाखल्यावर तो पवित्रा पिढ्यान्‌पिढ्या ठरत आला आहे. तेव्हा खुब्याच्या योग्य जुळणीचे ज्ञान आमच्याकडे नव्हते असे नाही. ते कष्टकऱ्यांच्या अंगवळणी पडलेले होते, आणि आज खुर्ची, मोटारसायकल व यंत्रे यांच्या सोयीने ते अंगातून हळूहळू उतरत चालले आहे, एवढेच.

या विषयाकडे मला ओढून नेणारी गोष्ट व्यायामाच्या हौसेहून गंभीर आहे. कोणा वृद्धाविषयी ‘खुबा मोडला’ ही बातमी गावात आली की ऐकणाऱ्याचा चेहरा उतरतो, कारण पुढची कैफियत सर्वांना ठाऊक असते : शहरातील दवाखाना, शस्त्रक्रियेचा खर्च, महिनोन्‌महिने अंथरूण, आणि कित्येकदा त्या अंथरुणातून न उठणे. उतारवयात हाडे विरळ होतात, मांडीच्या हाडाची मान ठिसूळ होते, आणि न्हाणीघरात किंवा अंगणात घसरून पडण्याचे एवढेसे निमित्त पुरते. ताइ-चीच्या नियमित अभ्यासाने वृद्धांचे पडण्याचे प्रमाण घटते, असे निरनिराळ्या देशांत झालेल्या वैद्यकीय परीक्षणांतून वारंवार दिसून आले आहे. हा लाभ या पद्धतीत सावकाशपणे, एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर नेत, प्रत्येक क्षणी तोल राखण्याची जी सवय लागते तिच्यातून येतो, आणि भार एका पायावरून दुसऱ्यावर जातो तो खुब्यांमधूनच. म्हणून पवित्र्यातील खुब्याची चर्चा मी केवळ डौलाची चर्चा मानीत नाही.

या विद्येचा इतिहास येथे थोडक्यात सांगणे पुरे. चीनच्या हेनान प्रांतातील चेनजियागौ हे तिचे मूळ गाव मानतात. सतराव्या शतकातील चेन वांग-तिंग या योद्ध्याकडे तिचे जनकत्व दिले जाते. एकोणिसाव्या शतकात यांग लु-चान याने ती त्या गावी शिकून पेकिंगला नेली, आणि त्याचा नातू यांग चेंग-फू (१८८३–१९३६) याने जी दहा सूत्रे सांगितली व चेन वेइ-मिंग याने जी लिहून घेतली, त्यांत कंबर सैल सोडावी आणि भारयुक्त पाय व भारमुक्त पाय यांतील भेद स्पष्ट राखावा, अशी दोन सूत्रे आहेत. १९५६ साली चिनी शासनाने चोवीस हालचालींचा सुलभ क्रम तयार करविला, तोच आज जगभर, आणि आपल्या शहरांतील उद्यानांतही, बहुतेक नवशिके शिकतात. २०२० साली युनेस्कोने या कलेची मानवतेच्या अमूर्त वारशात गणना केली.

आता सांध्याकडे वळू. शाळेच्या पुस्तकात खुब्याला उखळीचा सांधा म्हटलेले आहे, कारण मांडीच्या हाडाचा वाटोळा माथा कटीच्या हाडातील खोलगट वाटीत बसतो आणि तेथे सर्व दिशांना फिरू शकतो. उलट गुडघा हा बिजागिरीचा सांधा असून तो मुख्यतः दुमडणे आणि उलगडणे एवढेच जाणतो, आणि दुमडलेल्या स्थितीत त्याला पिळण्याची जी अल्पशी मुभा आहे ती भाराखाली वापरण्यासाठी नव्हे. या दोन सांध्यांच्या स्वभावातील भेदातच पवित्र्याचे सारे शास्त्र दडलेले आहे. वळण्याचे काम ज्याच्याकडे निसर्गाने सोपविले तो खुबा जर आखडलेला, दाबलेला वा चुकीच्या कोनात अडकलेला असेल, तर ते काम खाली गुडघ्यावर किंवा वर कंबरेच्या मणक्यांवर जाऊन पडते. आणि ज्याचे ते काम नाही त्याने ते रोज केले की काही महिन्यांत गुडघ्याच्या आतील बाजूस दुखू लागते किंवा कंबर धरते. बैलगाडीच्या आसाला वंगण नसले की चाकापेक्षा जू आणि बैलाचा खांदा आधी सोलून निघतो, तसाच हा प्रकार आहे. ताइ-ची करणाऱ्यांत गुडघेदुखीची तक्रार सर्रास ऐकू येते. तिचे मूळ गुडघ्यात शोधण्याआधी एकदा वर पाहावे, ही माझी आग्रहाची शिफारस आहे.

नवशिक्याचा खुबा बहुधा दोन विरुद्ध रीतींनी बिघडतो. काही जण गुडघे वाकवताना नितंब मागे फेकतात आणि कंबरेचा कणा आत खोल वळवतात. त्यामुळे पोट पुढे लोंबते, श्वास वर छातीत अडकतो आणि भार टाचांऐवजी चवड्यांवर येतो. दुसरे, माकडहाड खाली सोडावे ही सूचना ऐकून, अतिउत्साहाने नितंब आवळतात आणि कटी पुढे ढकलतात. हा दोष पहिल्याहून फसवा आहे, कारण पाठ सरळ दिसते, पाहणारा शाबासकी देतो, आणि खुबा मात्र कुलूप लावल्यागत बंद होतो. खरी बैठक आणि हा दुसरा दोष यांतला भेद डोळ्यांना दिसत नाही, बोटांना कळतो. विद्यार्थ्याने पावले खांद्यांइतकी दूर ठेवावी, दोन्ही हातांची बोटे जांघेच्या घडीत, म्हणजे मांडी आणि ओटीपोट जेथे मिळतात तेथे, टेकवावी, मागे खरोखरच एक उंच चौरंग किंवा स्टूल ठेवावे आणि त्यावर बसावयास निघावे. खुबा नीट दुमडला तर घडी खोल होते व बोटे आत ओढली जातात. नितंब आवळले असतील तर त्याच जागी स्नायूंच्या ताठ दोऱ्या बोटांना टोचतात. स्टुलाला नितंबांचा स्पर्श होण्यापूर्वी थांबावे, घडी तशीच ठेवून माकडहाडाला आपल्याच वजनाने खाली लोंबू द्यावे, आणि मग दोनतीन श्वास स्वस्थपणे घ्यावे. एवढे जमले की अश्वारोही पवित्रा म्हणून जो प्रसिद्ध आहे त्याचा पाया घातला गेला. मांड्या जमिनीला समांतर करण्याची ईर्ष्या नवशिक्याने ठेवू नये. घडी जेथे मोडते आणि कणा गोल होऊ लागतो, तीच त्याची त्या दिवसाची खोली.

हे वाचताना आपल्या प्राचीन वाङ्मयाचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात पुरुषाच्या उभे राहण्याची सहा स्थाने सांगितली आहेत : वैष्णव, समपाद, वैशाख, मंडल, आलीढ आणि प्रत्यालीढ. त्यांतील मंडलस्थानात दोन पावलांत चार तालांचे (ताल हे लांबीचे एक जुने माप) अंतर असावे, पावले बाजूस वळलेली असावीत आणि कटी व गुडघे सम असावेत, असे विधान आहे. गुडघ्याचा आणि कटीचा परस्परसंबंध पावलांच्या बरोबरीने नोंदविणारा तो शास्त्रकार, नटाच्या अंगाकडे किती जवळून पाहत असेल याची यावरून कल्पना येते. शिवाय त्याने कटीच्या हालचालींचे पाच प्रकार वेगळे काढून सांगितले आहेत. आलीढ आणि प्रत्यालीढ ही स्थाने तर धनुर्धराची. अग्निपुराणातील धनुर्वेदातही ती येतात. आमच्याच जिल्ह्यातील औंढा नागनाथच्या देवळाच्या बाह्य भिंतींवरील मूर्तींपुढे थोडा वेळ उभे राहिले तर एका पायावर भार, दुसरा मोकळा आणि कटी एका अंगाला झुकलेली असा त्रिभंग दगडात किती अचूक उतरला आहे हे दिसते. आणि ज्या नरसीत नामदेवांचा जन्म झाला असे मानतात ती नरसीही याच जिल्ह्यातील; त्या नामदेवांचे सर्वस्व जो पंढरीचा विठोबा, तो समचरण, कटीवर हात ठेवून, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभा आहे. भक्ताला त्यात जे दिसते ते दिसते. शरीरशास्त्राच्या दृष्टीने पाहणाऱ्यालाही त्या मूर्तीइतके समतोल उभे राहणे क्वचितच पाहावयास मिळते.

तालमीचा दाखला याहून जवळचा. वस्ताद नव्या पोराला डाव शिकविण्यापूर्वी जोर आणि बैठका घालावयास लावतो, आणि हौदात सलामी झाल्यावर त्याच्याकडून पहिला हुकूम सुटतो तो ‘कंबर खाली घे’ हा. ताठ खुब्याच्या पैलवानाचा पट सहज निघतो. धोबीपछाड मारताना प्रतिस्पर्ध्याचा हात खांद्यावर घेऊन, त्याच्याकडे पाठ करून, आपली कटी त्याच्या कटीच्या खाली नेली नाही तर तो उचललाच जात नाही. तेथे दंडाची ताकद दुय्यम असते. कुस्तीत देहाचा आकारच सर्वस्व नसतो : १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कांस्यपदक मिळविले, ते लहान चणीचे बँटमवेट मल्ल होते. या देशी ज्ञानाचे लेखन करण्याचे प्रयत्नही झाले आहेत : बडोद्यास दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी व्यायाम-ज्ञानकोशाचे दहा खंड संपादित केले, आणि १९१४ साली अमरावतीस स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ मध्ये बर्लिन येथे आपल्या व्यायामांची प्रात्यक्षिके केली. तरीही पवित्र्यातील सांध्यांचा बारकाईने विचार मराठीत व्हावा तितका झाला नाही, असे मला वाटते. पावलांची अंतरे सांगितली गेली, खुबा गृहीत धरला गेला.

ज्या पवित्र्यावर सर्वाधिक वाद होतो त्याकडे आता येऊ. चिनी परंपरेत धनुष्य-पवित्रा म्हणून जो ओळखला जातो त्यात पुढचा गुडघा वाकलेला, मागचा पाय लांब केलेला आणि त्याचे पाऊल सुमारे ४५ अंशांनी बाहेर वळलेले असते. यांग परंपरेत कटी समोर रोखलेली असावी असे सांगतात. आता कटी पूर्णपणे समोर आणावयाची, मागची टाच जमिनीवर ठेवावयाची आणि पाऊलही बाहेर वळलेले ठेवावयाचे, या तिन्ही मागण्या एकदम पुऱ्या करू गेल्यास मागच्या खुब्यापुढील बळकट अस्थिबंध, जो शरीरातील सर्वांत मजबूत अस्थिबंध समजतात, तो ताणून बसतो आणि पुढे जाऊ देत नाही. मग विद्यार्थी नकळत दोहोंपैकी एक तडजोड करतो : मागचा गुडघा आत पाडतो, नाहीतर कंबरेचा कणा पिळतो. याचा परिहार सोपा असूनही तो फार थोडे शिक्षक सांगतात. दोन्ही टाचा एकाच रेषेत येऊ देऊ नयेत. पुढच्या व मागच्या पावलांच्या रेषांत खांद्यांइतके आडवे अंतर राखावे, मागचा गुडघा ताठ न करता किंचित सैल ठेवावा, आणि कटी समोर जितकी आपणहून येईल तितकीच आणावी. पाच-दहा अंश कमी राहिली तर पवित्रा बिघडत नाही. गुडघा आत पडला तर मात्र तो बिघडलाच. पुढच्या गुडघ्याची परीक्षाही याच नियमाने घ्यावी : वरून पाहिल्यास त्याची वाटी दुसऱ्या बोटाच्या रोखाने असावी, आणि कंबर वळवताना तो त्या रोखावरून ढळू नये.

पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी उभ्या आसनांच्या बाबतीत हाच प्रश्न आयुष्यभर हाताळला. १९३७ साली ते पुण्यास आले. त्यांचा विख्यात इंग्रजी ग्रंथ १९६६ साली निघाला आणि १९७५ साली रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था सुरू झाली. वीरभद्रासनाच्या पहिल्या प्रकारात कटी समोर, दुसऱ्यात ती बाजूस उघडलेली, आणि ठोकळे, पट्टे, भिंत यांच्या साह्याने प्रत्येकाच्या अंगाला तेथवर नेण्याची त्यांची हातोटी, ही सर्व पवित्र्याच्या अभ्यासकाने अवश्य पाहावी. साहित्याचा आधार घेण्यात कमीपणा नाही, हा त्यांच्या शिकवणीतील मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग आहे. मागच्या टाचेखाली लाकडी फळी सरकविल्याबरोबर ज्याचा खुबा मोकळा होतो, अशा विद्यार्थ्याला महिनाभर धाकदपटशा दाखवून काय साधणार?

येथे मी या पुस्तिकेतील माझ्या मते सर्वांत महत्त्वाच्या प्रकरणाचा उल्लेख करतो. सर्व माणसांचे खुबे एका साच्यातून निघालेले नसतात. मांडीच्या हाडाची मान त्याच्या दांड्याशी प्रौढात सुमारे १२५ अंशांचा कोन करते आणि सुमारे १५ अंश पुढे वळलेली असते. पण हे सरासरीचे आकडे होत, आणि या पुढच्या वळणात माणसामाणसांत पुष्कळ फरक आढळतो. वाटीची खोली आणि तिचा रोखही वेगवेगळा असतो. ज्याची मान अधिक पुढे वळलेली त्याची पावले स्वभावतः सरळ किंवा किंचित आत राहू इच्छितात; ज्याची कमी, त्याची बाहेर. ओट्याच्या कडेवर बसून, मांड्या स्थिर ठेवून, नडगी आत-बाहेर झुलवून पाहिली तर याचा अंदाज येतो : नडगी बाहेरच्या बाजूस फार आणि आत थोडी जात असेल, तर त्या माणसाला पावले फार उघडण्याचा हुकूम देणे म्हणजे त्याच्या हाडाशी भांडणे आहे. स्नायू ताणल्याने लांबतात, हाडे लांबत वा वळत नाहीत. गुरूने आपल्या अंगाला जे सुखाचे झाले तेच सर्वांवर कायदा म्हणून लादावे आणि ज्याला ते जमेना त्याला आळशी ठरवावे, हा प्रकार तालमीत, योगवर्गात आणि कवायतीच्या मैदानावर इतका रूढ आहे की त्याविरुद्ध कितीही जोराने बोलले तरी थोडेच. चित्रातील कोन हा प्रारंभ समजावा. अंतिम कोन विद्यार्थ्याच्या स्वतःच्या सांध्याकडून विचारून घ्यावा.

एका पायावर उभे राहण्याची गोष्ट उरली. १८९५ साली ट्रेंडेलेनबुर्ग या जर्मन शल्यवैद्याने दाखवून दिले की एक पाय उचलल्यावर उभ्या पायाच्या खुब्याबाहेरील स्नायू दुबळे असतील तर कटीची दुसरी बाजू खाली पडते. या स्थितीत उभ्या खुब्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार येतो, कारण कटी समतल ठेवण्यासाठी त्या स्नायूंना जोराने ओढावे लागते. ताइ-चीच्या संथ चालीत प्रत्येक पावलागणिक हीच परीक्षा होते. कटीची एक बाजू खाली गेली, किंवा ती जाऊ नये म्हणून धड भाराच्या पायाकडे कलले, की समजावे, पाऊल लांब पडते आहे. ते आखूड करावे, आणि मोकळ्या पायाची टाच अलगद टेकेपर्यंत त्यावर एक तोळाही वजन जाऊ देऊ नये. वृद्धांनी हे भिंतीला किंवा खाटेच्या काठाला हात लावून करावे. ज्यांच्या खुब्यावर शस्त्रक्रिया झाली आहे त्यांनी आपल्या शल्यवैद्याची अनुज्ञा घेतल्यावाचून खोल पवित्रा, मांडी घालून बसणे किंवा पाय आत वळविणे यांच्या वाटेस जाऊ नये.

मांड्यांना थरथर सुटली तर घाबरण्याचे कारण नाही. ती दोन-तीन आठवड्यांत ओसरते. जांघेत खोल, सांध्याच्या आत टोचल्यासारखी कळ आली किंवा गुडघ्याच्या आतील अंगास चमक निघाली, तर मात्र त्या दिवशी अभ्यास थांबवावा, आणि दुसऱ्या दिवशी पवित्रा चार बोटे उंच व एक वीत आखूड घेऊन पुन्हा घडीपासून आरंभ करावा. पुढील प्रकरणे याच क्रमाने लावलेली आहेत.

पुसेगाव, ता. सेनगाव, जि. हिंगोली